दुकानासमोर तीन पायऱ्या आहेत, व्हीलचेअरवरच्या गिऱ्हाइकासाठी काय करता येईल?

तुमचं कापडाचं दुकान, दाराशी तीन पायऱ्या, आणि ‘गवंडी म्हणतो चार फुटांचा उतार टाकून देतो, चालेल का?’ असा प्रश्न. नाही चालणार. मी गेली बारा वर्षं व्हीलचेअरवर आहे, असले उतार पुष्कळ पाहिलेत. ते स्कूटर चढवायला ठीक.

हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांची एक पायरी धरली तर तीन पायऱ्यांचे अठरा इंच, म्हणजे रॅम्प अठरा फुटांचा. घाबरू नका, तो सरळ रस्त्याकडे काढायचा नसतो. फुटपाथवर काढलात तर महापालिका तोडून टाकेल, आणि बरोबरच करेल. दुकानाचा दर्शनी भाग रुंद असेल तर भिंतीलगत आडवा घ्या. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर दारापुढे पाच बाय पाच फूट सपाट जागा. ही जागा लोक हमखास विसरतात. मग उतारावर एका हाताने चाक धरून दुसऱ्याने दार ओढायचं, ही सर्कस आम्ही करायची.

वर गुळगुळीत ग्रॅनाइट नको. पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. खरखरीत फरशी घाला. घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प एका पायरीपुरता ठीक; तीन पायऱ्यांना तो पुरत नाही.

जागा नसेल तर मागचं किंवा पार्किंगकडचं दार बघा. पण ‘आमची पोरं उचलून घेतील’ हा उपाय समजू नका. एका दुकानात मला असं उचललं, चाकाचा ब्रेक तुटला. दुसरा दुकानदार भला माणूस, दहा शर्ट फुटपाथवर आणून दाखवले त्याने. भर रस्त्यात शर्ट घालून कसा बघणार?

आत आल्यावर दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी, वाटेत पुतळे नकोत. एक ट्रायल रूम पाच फुटांची करा, दाराऐवजी पडदा लावा. काउंटरचा एक भाग तीस-बत्तीस इंचांवर आणा. काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला ठळक पट्टी लावा, कमी दिसणारे त्यावर आपटतात.

कायद्याचं विचारलंत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 46 खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी ठेवू नका, सक्तीचे करा, असं केंद्राला बजावलं आहे.

काँक्रीट ओतण्याआधी खडूने आखून ओळखीतल्या एखाद्या व्हीलचेअरवाल्याला बोलवा. आणि रॅम्प झाल्यावर त्याच्या तोंडाशी गाड्या लावू देऊ नका. निम्मे रॅम्प तिथेच वाया जातात.