लिटरचा भाव सोडा, किलोमीटरचा सांगा

गाडीचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं पेट्रोलवर आहेत, म्हणून हा अख्खा रकाना त्यालाच दिलाय. क्लच आणि बॅटरीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : मी टॉवेलच्या ऑर्डरी घेत गावभर स्कूटरवर फिरतो. गाडी २०१६ची. पूर्वी लिटरला ४५चं ॲव्हरेज द्यायची, आता ३८वर आलीय. इथेनॉलमुळं झालं म्हणतात. काही जण पंपावर माप मारतात म्हणतात. खरं काय ते सांगा की, मिस्त्री.
– एक विक्रेता, साखर पेठ

इथेनॉलचा वाटा आहे, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या उसातून त्यातलं काही जात असणार, ते राहू द्या. लिटराला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी. भाकरीच्या जागी चुरमुरे खाल्ल्यासारखं आहे ते, पोट भरतं पण तेवढ्यावर काम निघत नाही. नीती आयोगानं २०२१च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी आणि चारचाकींचं ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. आता तुमचा हिशेब करू. ४५चे चार टक्के म्हणजे पावणेदोन किलोमीटर. तुमचे गेले सात. उरलेले पाच कुठं गेले, ते गाडीत शोधायचं.

आधी ३८ हा आकडा तरी खरा आहे का ते बघा. पेट्रोलच्या काट्यावर भरवसा ठेवू नका आणि ‘शंभरचं टाकलं, इतकं फिरलो’ हाही हिशेब नव्हे. टाकी नॉझलचा पहिला कट पडेपर्यंत, म्हणजे नॉझल आपोआप बंद होईपर्यंत भरा. मीटरचा आकडा लिहून ठेवा. नेहमीसारखं फिरा. मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच नॉझलनं पुन्हा पहिल्या कटापर्यंत भरा. जितकं पेट्रोल आत गेलं, तितक्यानं चाललेल्या किलोमीटरला भागा. असं दोन-तीनदा केलं की खरा आकडा कळतो.

मग गाडी मधल्या स्टँडवर लावा, बंद ठेवा आणि मागचं चाक हातानं फिरवा. सुर्रकन दोन-तीन फेरे मारून थांबलं तर ठीक. करकरत अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक धरतोय. दुसरी खूण अशी, की ब्रेक फारसा न मारता चार-पाच किलोमीटर फिरून या आणि चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. धग लागली तर ब्रेकचे शू घासतायत. माझ्याकडं ‘ॲव्हरेज गेलं’ म्हणून येणाऱ्या जुन्या स्कूटरींत हे हमखास निघतं. केबलला दोन आटे ढील दिली, शू साफ केले की निम्मं काम झालं.

त्यानंतर एअर फिल्टर. आपल्या गावची धूळ तुम्हाला सांगायला नको, त्यात तुम्ही टॉवेल कारखान्यांच्या बोळातून फिरणार, तिथं सुताची तूस उडत असते. सर्व्हिसच्या पुस्तकात दिलेली मुदत सोलापूरला धरून लिहिलेली नाही, निम्म्यातच उघडून बघा. कागदी फिल्टर काळा पडला असेल तर बदला. हवा मारून तो परत बसवणारे खूप आहेत, त्यांचं ऐकू नका.

टायरची हवा सकाळी, गाडी फिरवण्याआधी तपासा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरात आकडा जास्तच दिसतो. तो बघून हवा सोडली, की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला मिळतो आणि गाडी जास्त पिते. मागं टॉवेलचा गठ्ठा बांधत असाल तर डबलसीटसाठी दिलेला आकडा ठेवा. आणि गाडी जुनी आहे तर पेट्रोलची रबरी नळी एकदा वाकवून बघा. चिरा दिसल्या तर लगेच बदला, नळी काही महाग नसते.

प्रश्न : पाकणीचा पेट्रोल डेपो आपल्या दारात, तरी सोलापुरात पेट्रोल मुंबईपेक्षा महाग. आणि भाव रोज बदलतात म्हणतात, मग महिनोन्महिने तोच आकडा का दिसतो?
– सेवानिवृत्त बँक कर्मचारी, होटगी रोड

काका, पाकणीत पेट्रोल बनत नाही, साठवतात. मुंबईहून पुण्यामार्गे पाइपलाइननं ते पाकणीला येतं. वाहतुकीचा खर्च त्यात धरलेला असतो, म्हणून फरक.

खरा बोजा कराचा. आधी केंद्राचं उत्पादन शुल्क, त्यावर राज्याचा व्हॅट. २०२४च्या बदलानंतर आपल्याकडं पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. जीएसटी पेट्रोलला लावलेलाच नाही. जून २०१७पासून रोज सकाळी सहाला भाव बदलायची सोय आहे. पण सोय असणं निराळं, ती वापरणं निराळं. जुलै २०२२मध्ये राज्यानं कर पाच रुपयांनी उतरवला, त्यानंतर आकडा ठळकपणे हलला तो थेट मार्च २०२४मध्ये, दोन रुपयांनी. मधल्या काळात कच्चं तेल वर गेलं, खाली आलं, आपला बोर्ड जागचा हलला नाही. निवडणुका जवळ आल्या की भावाला जाग येते, हे माझं मत. संपादकांनी ते ठेवलं तर ठेवलं.

प्रश्न : आमच्या सोसायटीतले काही जण कार घेऊन धुळखेडला, कर्नाटकात जाऊन पेट्रोल भरतात. परवडतं का?
– विजापूर रोड

टाकळीचा पूल ओलांडून जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. कार १८चं ॲव्हरेज देते धरलं तर पावणेचार लिटर जाळलं. भाव एकशेपाच धरला तर जवळपास चारशे रुपये. तिकडं लिटरमागं दोन रुपये वाचले आणि तीस लिटर भरलं, तर वाचले साठ. विजापूरला कामानंच निघालात तर जरूर भरा, ट्रकवाले तेच करतात. मुद्दाम जाणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : पहाटे भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं का? आणि शंभरऐवजी एकशेदहाचं भरावं का?
– एक शिक्षिका, शेळगी

दोन्ही नाही, ताई. टाकी जमिनीत खोल असते, वर बेचाळीस अंश असो की पहाटेचा गारवा, आतलं पेट्रोल फारसं तापत-निवत नाही. एका अंशाला पेट्रोल हजारात एक भागानं फुगतं. दोन अंशांचा फरक पडलाच, तरी पाच लिटरला दहा मिली, म्हणजे रुपयाचा खेळ. एकशेदहाचंही तसंच, यंत्र दोन्ही आकडे एकाच मापानं मोजतं. त्यापेक्षा शून्य बघा, पावती घ्या. शंका आली तर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाला मोजून दाखवावं लागतं. २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात चालतो, त्याहून कमी भरलं तर वजनमापे खात्याकडं तक्रार करा. साखर पेठेच्या विक्रेत्यांनीही हे वाचावं.

प्रश्न : जुळे सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातो, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. बाईक आहे. जुनी कार घ्यावी का?
– एक फिटर

महिन्याला सव्वीस दिवस धरू. बाईक ५०चं देत असेल तर बावीसशेच्या आसपास पेट्रोल. कार १८ची, तर सहा हजार. वर विमा, टायर, सर्व्हिस, आणि जुन्या कारला काय निघेल ते निघेल. एकट्यासाठी घेत असाल तर नको.

पण तुमच्याच शिफ्टचे तिघं सोबत येणार असतील तर पेट्रोल माणशी दीड हजारावर येतं, म्हणजे बाईकपेक्षा कमी. पुणे रोडच्या ट्रकांतून पावसात बाईक चालवायचं टळतं, ते वेगळंच. फक्त आपसात पेट्रोल वाटून घ्या, सीटचं भाडं लावू नका. पांढऱ्या नंबरप्लेटवर, म्हणजे खासगी गाडीत, असं परस्पर भाडं घेता येत नाही, आणि अपघात झाला तर विमावाले पहिलं तेच विचारतात. तिघं पक्के आहेत का ते आधी ठरवा, मग गाडी दाखवायला आणा. रविवारी गॅरेज बंद असतं.