बिनपगारी रजा २० दिवसांची नको, १० दिवसांचीच घ्या

तुमच्या पत्राचा सारांश असा: वय ४७, विद्यापीठाच्या प्रवेश विभागात कायम नोकरी. अनुदान घटल्याने विद्यापीठाने वर्षभरात १०, २० किंवा ३० दिवसांची बिनपगारी रजा स्वेच्छेने घेण्याची योजना काढली आहे. अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे आणि तुमचा कल २० दिवसांकडे आहे. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. शिवाय 'आत्ता हातभार लावला तर पुढे कर्मचारीकपातीत आपलं नाव येणार नाही' अशी आशाही आहे. गाठीला दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आहे.

शस्त्रक्रियेचं कारण खरं आहे, त्यासाठी रजा जरूर घ्या. दुसरं कारण मात्र मनातून काढून टाका. तुम्ही पाठवलेल्या परिपत्रकात रजा घेणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील असं एकही वाक्य नाही. कपात पदांवर होते, आणि यादी करताना तुम्ही वर्षभरापूर्वी किती पगार सोडला हे कुणी पाहीलच असं नाही. नोकरी जाण्याची धास्ती असलेल्या माणसाने आधी गंगाजळी वाढवायची असते, आणि २० दिवसांची रजा नेमकी तीच खाते.

परिपत्रक म्हणतं '२० दिवस म्हणजे ७.७ टक्के'. वर्षाचे कामाचे दिवस २६० धरले तर हे बरोबर आहे. पण तुमची पगाराची पावती ओळीने वाचू. एकूण पगार १०० धरला तर प्राप्तिकर १४, निवृत्तीवेतनाची वर्गणी १०, आरोग्य विम्याचा हप्ता ४ आणि पतपेढीच्या कर्जाचा हप्ता १२ असे कापून हातात ६० येतात. रजेमुळे पगार ९२.३ होईल. वर्गणी त्याच प्रमाणात घटून ९.२ वर येईल. तुमच्या वरच्या टप्प्याचा कर २० टक्के आहे, म्हणून कर साधारण १२.५ होईल. विमा आणि पतपेढी मात्र एक पैसाही कमी करणार नाहीत. हातात उरतील ५४.६, म्हणजे सुमारे ९ टक्के कमी. तुमचा घरखर्च गृहकर्ज धरून ५२ आहे. आज महिन्याला ८ शिल्लक पडतात, त्या जागी २.६ पडतील. वर्षभरात सव्वा महिन्याच्या खर्चाएवढी बचत हुकेल. १० दिवसांच्या रजेत हीच शिल्लक ५.३ राहते. ओढाताण होईल, पण बचत चालू राहील.

आता अर्जावर सही करण्याआधीची कामं. एका दिवसाचा पगार कसा काढणार ते आस्थापना विभागाकडून लेखी घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. महिन्याच्या पगाराला २२ ने भागलं तर फक्त कामाचे दिवस कापायला हवेत. ३० ने भागलं तर सलग रजेतले शनिवार-रविवारही मोजले जातात. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चालेल, वर्षाचा आकडा जवळपास सारखाच येतो. पण भागाकार २२ ने आणि सुट्ट्याही कापल्या, अशी सरमिसळ झाली तर सलग चार आठवड्यांचे २८ दिवस धरले जातात आणि वर्षाच्या पगारातून ७.७ ऐवजी १०.६ टक्के जातात. संगणकावर रजेचा प्रकार चुकीचा निवडला तरी असं होऊ शकतं, म्हणून पहिल्या कपातीची पावती स्वतः ताडून पाहा.

कपात बाराही महिन्यांत समान वाटून मागा. रजेच्या महिन्यातच सगळी कापली तर १० दिवसांतही त्या महिन्याचा ४५ टक्के पगार जाईल, आणि नेमका तोच शस्त्रक्रियेच्या खर्चाचा महिना असेल.

निवृत्तीवेतनाबद्दल परिपत्रक गप्प आहे, ही मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००९-१० मध्ये पगारानुसार ११ ते २६ दिवसांची सक्तीची बिनपगारी रजा लावली, म्हणजे ४ ते १० टक्के कपात झाली. पण निवृत्तीवेतनाला तिची झळ लागू दिली नव्हती. ज्यांचा पूर्ण पगार बाहेरच्या संशोधन निधीतून येत होता त्यांना वगळलंही होतं, कारण त्यांचा पगार कापून विद्यापीठाच्या मूळ अंदाजपत्रकात काही वाचत नाही. तुमच्या प्रकल्पावरच्या मैत्रिणीने अर्ज करण्याआधी आपला पगार कोणत्या निधीतून येतो ते जरूर पाहावं. तुमच्याकडे निवृत्तीवेतन शेवटच्या ३ वर्षांच्या सरासरीवर ठरतं आणि तुम्हाला अजून १३ वर्षं आहेत, त्यामुळे सरासरीला धक्का नाही. तुम्हाला एवढंच लिहून हवं की हा सेवाखंड धरला जाणार नाही आणि वेतनवाढीची तारीख पुढे जाणार नाही. पण विभागातल्या ५८ वर्षांच्या सहकाऱ्यांनी २० दिवस घेतले आणि पगार कापूनच मोजला गेला, तर त्यांची सरासरी सुमारे २.६ टक्क्यांनी घसरते आणि निवृत्तीवेतन जन्मभर तेवढं कमी मिळतं. त्यांना हे सांगा, त्यांच्यासाठी हा फार महागडा सौदा आहे.

रजेची मांडणी अशी करा. तुमच्या खात्यावर ११ दिवसांची भरपगारी रजा शिल्लक आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे आणि त्यापुढचा सोमवार त्यातून सलग काढा, कारण आईला उठता-बसता आधार तेव्हाच लागेल. त्यानंतर तीन आठवडे मंगळवार ते गुरुवार बिनपगारी घ्या आणि दहावा दिवस तपासणीसाठी राखून ठेवा. शुक्रवार-सोमवार जोडून बिनपगारी घेऊ नका, मधले दोन सुट्टीचे दिवस कापले जाण्याचा धोका असतो. त्या आठवड्यांतल्या सोमवारची आणि शुक्रवारची सोय भावाकडे सोपवा. अख्खा महिना बिनपगारी असेल तर विम्याचा हप्ता पगारातून कापला जात नाही आणि विमा खंडित होऊ शकतो. अशा विखुरलेल्या रजेत तो प्रश्न येत नाही.

त्या दिवसांत टपाल उघडायचं नाही, विद्यार्थ्यांचे फोन घ्यायचे नाहीत. तुमचं काम कोण पाहणार हे विभागप्रमुखांकडून अर्जावरच लिहून घ्या. नाहीतर पगार जाईल आणि काम तेवढंच राहील.

अर्जात एक वाक्य स्वतःहून घाला: 'घरात आणीबाणी आल्यास १५ दिवसांच्या सूचनेने उरलेली रजा रद्द करता येईल आणि जास्त कापलेली रक्कम पुढच्या पगारात परत मिळेल.' हे वाक्य त्यांनी मान्य केलं आणि दिवसाच्या पगाराचं, सेवाखंडाचं, वेतनवाढीचं उत्तर लेखी आलं, तर १० दिवसांचा अर्ज निश्चिंत मनाने द्या. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर या योजनेत अर्ज करू नका. ११ दिवसांची भरपगारी रजा वापरा आणि उरलेल्या दिवसांसाठी मदतनीस ठेवा. तिचा खर्च १० दिवसांच्या पगारापेक्षा कमी येतो का, हेही आजच विचारून ठेवा.