गुरुजी नको म्हणतात, तरी गाऊ का?

प्रश्न : ताई, माझं वय ३१. पार्ल्याला राहते, लहानपणापासून एकाच गुरुजींकडे ख्याल शिकतेय. थोडेफार कार्यक्रम मिळतात, बाकी शिकवण्यांवर भागतं. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेनं दादरला मदतनिधीचा कार्यक्रम ठरवलाय आणि मी गावं अशी त्यांची इच्छा आहे. तिथल्या मुलांना आठवड्यातून एकदा गाणं शिकवाल का, असंही विचारलंय. गुरुजींच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "आपण सुरांची माणसं. असले झेंडे आपण हातात घ्यायचे नाहीत." नवरा म्हणतो, फेसबुकवर लोक तुटून पडतील, उद्या सरकारी महोत्सवांची बोलावणी बंद होतील. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं, ज्याचं घरदार गेलं त्याला माझ्या यमनचा काय उपयोग? संस्थेत एक अफगाण मुलगा भेटला. शिकायला आला होता, मग परत जाताच आलं नाही. रबाब वाजवतो. पावसाळी हवेनं कातडं सैल पडलं होतं, म्हणून रबाब टेबललॅम्पखाली धरून बसला होता. कार्यक्रमात त्याची ओळख करून देणार आहेत. मी काय करू?
– एक गायिका, विलेपार्ले

उत्तर :

तू गा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

तुझ्या पत्रात गुरुजी आहेत, नवरा आहे, महोत्सववाले आहेत. पण मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं ते त्या रबाबवाल्या मुलासाठी. मुंबईच्या पावसात तबल्याची पुडी किती छळते, हे तुला वेगळं सांगायला नको. हा मुलगा दिव्याखाली कातड्याला ऊब देत बसलाय, म्हणजे त्याला वाजवायचंय. आणि संस्था त्याची 'ओळख करून देणार' आहे! तो उभा राहणार, लोक टाळ्या वाजवणार, तो खाली बसणार. गुरुजींच्या नकारापेक्षा मला हे जास्त खटकलं. त्याबद्दल बोलूच, पण आधी गुरुजी.

त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. कलाकाराला या ना त्या मांडवात ओढून नेलं जातं, भाषणं लांबतात आणि गाण्याला उरतात शेवटची वीस मिनिटं, हे त्यांनी नक्कीच पाहिलं असणार. ती भीती खरी आहे. पण गाणाऱ्यांनी लोकांच्या अडीअडचणीला उभं राहायचं नाही, ही काही आपल्याकडची रीत नव्हे. त्यांना 'मानापमान' नाटकाच्या संयुक्त प्रयोगाची आठवण करून दे. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांमध्ये केवढी चुरस! पण त्या दिवशी बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि पैसा गेला टिळक स्वराज्य फंडाला. इंग्रजांचं राज्य असताना स्वराज्याच्या नावानं निधी गोळा करायचा, याहून उघड भूमिका कोणती असू शकते? तरी शंभर वर्षांनंतर आपण बोलतो ते त्या दोघांच्या गाण्याबद्दलच.

दुसरी आठवण १९७१ची. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं भारतात आली होती. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, तेव्हा पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी शरणार्थी मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. रविशंकर स्वतः बंगाली. त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँसाहेब आणि गुरुबंधू अली अकबर खाँ, दोघांचाही जन्म तिकडचा. तिथल्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन रविशंकर आपल्या शिष्याशी, बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनशी बोलले, आणि १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी मदतनिधीचे दोन कार्यक्रम झाले. सुरुवात रविशंकरांची सतार आणि अली अकबरांचा सरोद यांच्या जुगलबंदीनं. तबल्यावर आपल्या मुंबईचे अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती.

वाजवायच्या आधी रविशंकर जे बोलले, ते गुरुजींच्या कानावर जरूर घाल. आम्ही राजकारण करायला आलेलो नाही, आम्ही कलाकार आहोत, पण तिथल्या माणसांची वेदना आमच्या संगीतातून तुम्हाला जाणवावी, अशा अर्थाचं ते बोलले. आणि वाजवणं चालू असताना सिगरेट ओढू नका, अशी विनंतीही केली. समोर रॉक ऐकायला आलेली हजारो तरुण मंडळी. वाद्यं जुळवणं झालं तर त्यांनी त्यालाच टाळ्या दिल्या! तरी या चौघांनी मैफलीची शिस्त सोडली नाही. मदतीचा कार्यक्रम आहे, थोडं चालवून घ्या, असा सूर त्यात कुठेच नव्हता. गुरुजींना खरी काळजी कशाची असेल तर याचीच असेल, गाणं उतरू नये याची. त्याची हमी तू त्यांना देऊ शकतेस.

आता नवऱ्याचं. त्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. २०१८ साली दिल्लीत कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांचा जाहीर झालेला कार्यक्रम समाजमाध्यमांवरच्या गदारोळानंतर पुढे ढकलला गेला होता. नंतर दिल्ली सरकारनं त्यांचा दुसरा कार्यक्रम ठेवला आणि ते गायले, पण त्यांचं नाव मोठं होतं. तुझ्या हातून एखादं बोलावणं सुटू शकतं, असं समजूनच चाल. तुम्ही दोघं एका संध्याकाळी शांतपणे बसा आणि वर्षातले दोन कार्यक्रम गेले तर हप्ते, भाडं, साथीदारांचं देणं निघतं का, ते मांडून बघा. निघत असेल, तर उरते ती फक्त लोकांच्या बोलण्याची भीती. आणि ती तर तू एखादा राग जरा वेगळ्या अंगानं मांडलास तरी असतेच की!

निर्वासितांशी आपला काय संबंध, असं कुणी विचारलं तर त्याला उल्हासनगरला पाठव. तिथे आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या त्या लष्करी छावणीत राहिली, त्यांनी शहर उभं केलं. आणि आकाशवाणीची ती सकाळची धून, जी ऐकत आपल्या आयांनी चहाचं आधण ठेवलं, तिचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन यांना. हा ज्यू संगीतकार. युरोपात हिटलरचं सावट पसरत असताना, १९३४ साली तो मुंबईत आला. इथे बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. या शहरानं त्याला नुसती सहानुभूती दिली असती तर ती धून कुठून आली असती? त्याला काम मिळालं, वाजवायला जागा मिळाली.

म्हणूनच तो रबाबवाला मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही.

तू विचारतेस, यमनचा काय उपयोग. घर परत मिळणार नाही, व्हिसाचे कागद हलणार नाहीत. एवढं स्पष्ट असू दे. पण एक प्रसंग सांगते. जुलै १९४५मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन आणि साथीला पियानोवर संगीतकार बेंजामिन ब्रिटन, असे दोघं जर्मनीत बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्या लोकांसमोर वाजवायला गेले. श्रोत्यांत अनिता लास्कर नावाची मुलगी होती. ती स्वतः चेलोवादक. आउशवित्झमध्ये कैद्यांच्या वाद्यवृंदात तिला वाजवायला लावलं होतं, त्यावरच तिचा जीव वाचला. आईवडील गेलेले. त्या संध्याकाळनंतर तिनं पत्र लिहिलं. त्यात तिनं साथीदाराची भरभरून तारीफ केली, याहून सुंदर साथ असू शकेल अशी कल्पनाच करता येत नाही, असं. तो ब्रिटन होता, हे तिला तेव्हा ठाऊकही नव्हतं. इतकं सगळं सोसलेली मुलगी साथसंगत किती बारकाईनं ऐकत होती बघ! तुझ्यासमोरही असे कान असणार आहेत. तेव्हा दुःखी माणसं आहेत म्हणून रडवे राग काढू नकोस, लवकर आटपायचं म्हणून विलंबित गाळू नकोस. एरवी दादरच्या जाणकारांसमोर जशी गातेस तशीच गा.

आणि त्या मुलाला वाजवू दे. काबूलचं संगीत आपल्याला परकं नाही. १८६०च्या दशकात अमीर शेर अली खान यानं हिंदुस्थानातले गवई-वादक दरबारात बोलावले, त्यांची घराणी काबूलच्या खराबात मोहल्ल्यात रुजली. अफगाणिस्तानचे थोर गायक उस्ताद सराहंग हे पतियाळा घराण्यात आशिक अली खाँसाहेबांकडे शिकलेले. तुझी भैरवी त्या मुलाला बहुतेक शिकवावी लागणार नाही.

त्याला आधी एकटीनं जाऊन विचार, वाजवायचंय का. नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर संस्थेला स्पष्ट सांग, पूर्वार्धात अर्धा तास त्याचा. त्याची पट्टी वेगळी असेल, आणि तुझ्या काळी चारला त्याच्या तरफेच्या सगळ्या तारा नव्यानं जुळवायच्या म्हटलं तर ऐन वेळी जमणार नाही. त्याचं एकल त्याच्या स्वरात होऊ दे, आणि शेवटी भैरवी एकत्र घ्यायची असेल तर आठवडाभर आधी तुझ्या घरी बसा. एसीच्या हॉलमध्ये कातडं पुन्हा वेगळं वागेल, तेव्हा त्याला मंचामागे जुळवायला वेळ आणि जागा लागेल. हे संस्थेच्या लक्षात येणार नाही, तुझ्या येईल.

पोस्टरवर त्याचं नाव, फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. थेट प्रक्षेपणाचंही आधी विचारा. त्याचं घर तिकडे असेल. तालिबान आल्यावर काबूलच्या संगीतशाळेतली मुलं, शिक्षक, त्यांची कुटुंबं अशा २७३ जणांना २०२१च्या अखेरीला पोर्तुगालला आसरा घ्यावा लागला. २०२३ साली हेरातमध्ये वाद्यांची होळी केली गेली. एका टाळ्यांच्या फोटोपायी त्याच्या घरच्यांना त्रास व्हायला नको. मानधनाचंही तसंच. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे सगळं ज्याच्या-त्याच्या कागदपत्रांवर अवलंबून. त्याला पैसे घेता येतात का, हे संस्थेनं वकिलाला विचारून लेखी घ्यावं. चूक झाली तर भोगावी त्याला लागेल. चालत असेल तर तबलजीला जे पाकीट, तेच त्याला.

तबलजी आणि पेटीवाल्यांवरून आठवलं. तू बिदागी घेणार नाहीस हे गृहीत धरते, पण त्यांच्या वतीनं उदार होऊ नकोस. त्यांना त्यांचं मानधन ठरवून दे. त्यातलं काही त्यांना द्यावंसं वाटलं तर ते देतील.

पैशाच्या बाबतीत भिडस्तपणा नको. १९७१च्या त्या दोन कार्यक्रमांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला पोचले, पण रेकॉर्ड आणि चित्रपटाचा पैसा कराच्या घोळात वर्षानुवर्षं अडकला, कारण करमाफीची सोय आधी केलेली नव्हती. इतक्या चांगल्या मनाच्या माणसांचं हे झालं. संस्थेकडे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा क्रमांक माग. देणगीवर करसवलतीची पावती मिळते का विचार. परदेशी नागरिकांकडून देणगी घ्यायला त्यांच्याकडे एफसीआरएची नोंदणी लागते. ती नसेल तर अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली कुणी मैत्रीण पैसे पाठवते म्हणाली, तर तिला आत्ताच नाही म्हणून सांग. तिकिटाचा एक रुपयाही तुझ्या जीपेवर येऊ देऊ नकोस. आणि कार्यक्रमानंतर महिन्याभरात हिशेब जाहीर करा, अशी अट घाल. हे विचारल्यावर त्यांनी टाळाटाळ केली, तर दुसरी संस्था शोध. गाणं तुझ्याकडेच आहे.

आठवड्याच्या वर्गाला आत्ता हो म्हणू नकोस. तिथल्या मुलांच्या आयुष्यातून आधीच खूप माणसं अचानक निघून गेलीत. निदान वर्षभर नेमानं जाता येईल असा वार सापडला तरच सुरू कर.

गुरुजींकडे मात्र पोस्टर छापायच्या आधी जा. फोनवर नको, समोर बसून सांग. परवानगी मागितलीस तर त्यांना नाही म्हणावं लागेल, म्हणून आशीर्वाद माग आणि काय गाणार आहेस ते त्यांना विचार. मला वाटतं, बंदिशीवर बोलणं सुरू झालं की ते रमतील. नाहीच रमले, कार्यक्रमालाही आले नाहीत, तरी पुढच्या तालमीला नेहमीच्या वेळेला तानपुरा लावून बैस. इतक्या वर्षांचं नातं एका मतभेदानं तुटत नसतं.

माझ्यासाठी पास ठेवू नकोस. दोन तिकिटं मी विकत घेणार आहे, हॉल आणि तारीख तेवढी कळव.

– तुझी ताई