शब्दविचार : सोप्या इंग्रजी शब्दांपाशी जपानी विद्यार्थी का अडतात?

प्रश्न : मी मूळची नाशिकची असून गेली सहा वर्षे जपानमध्ये राहते. सायतामा येथील एका जुकुमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीवर्गात, मी मुलांना इंग्रजी शिकवते. माझे विद्यार्थी कष्टाळू आहेत आणि ‘फोटोसिंथेसिस’सारखे लांबलचक शब्द ते बिनचूक सांगतात, पण ‘रन’, ‘ब्रेक’, ‘कंपनी’, ‘फाइन’ अशा रोजच्या शब्दांपाशी ते हमखास अडखळतात. अलीकडे ‘आय एन्जॉइड हर कंपनी’ या वाक्याचा अर्थ एका मुलीने ‘मला तिची व्यापारी संस्था आवडली’ असा लिहिला. तिच्या शब्दकार्डावर ‘कंपनी’समोर ‘काइशा’ एवढा एकच शब्द होता. अशा शब्दांचे सगळे अर्थ मुलांकडून पाठ करून घ्यावेत का? – एक शिक्षिका, सायतामा

उत्तर : त्या मुलीने निष्काळजीपणा केलेला नाही, हे आधी नमूद करतो. तिने कार्डावर विश्वास ठेवला. जपानी विद्यार्थ्यांच्या दप्तरात कडीत ओवलेल्या छोट्या कार्डांचा जो जुडगा असतो, त्याला ‘तांगोचो’ म्हणतात. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द, मागच्या बाजूला जपानी, आणि आगगाडीत उभ्या उभ्या ती कार्डे उलटत पाठांतर, ही तिथली रुळलेली पद्धत आहे. शास्त्रीय शब्दांना ती चांगली लागू पडते, कारण प्रकाशसंश्लेषण ही एकच क्रिया आहे आणि तिच्यासाठी जपानीत ‘कोगोसेइ’ हा एकच शब्द आहे. परंतु रोजच्या वापरातला शब्द जितका जुना, तितकी त्याच्यावर पडलेली कामे अधिक, आणि ती सगळी बोटभर कार्डाच्या पाठीवर मावत नाहीत.

‘कंपनी’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला पावाचा शब्द आहे. एकत्र बसून पाव खाणारे ते सोबती, अशा अर्थाने तो निघाला आणि पुढे सैन्याच्या तुकडीपर्यंत व व्यापाऱ्यांच्या मंडळीपर्यंत पोहोचला. आपण मराठीत ‘कंपनी सरकार’ही म्हणतो आणि ‘चहाला जरा कंपनी दे’ असेही म्हणतो, त्यामुळे मराठी मुलगा या वाक्यापाशी सहसा अडणार नाही. जपानीत मात्र व्यापारी संस्थेसाठी ‘काइशा’ हा शब्द ठरून गेला आहे आणि त्यात सोबतीचा मागमूसही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. सगळे अर्थ पाठ करून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ नोंदलेले आहेत. अशी यादी इंग्रजांच्या मुलांनीही कधी पाठ केलेली नसते. शिवाय पुष्कळदा ज्याला आपण एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ म्हणतो, ते इंग्रजी माणसाच्या दृष्टीने अनेक नसतातच. ते आपल्या भाषेतून पाहिल्यामुळे अनेक दिसतात. हा मुद्दा तुम्ही वर्गात उलगडून दाखवला, तर निम्मे काम होईल असे मला वाटते.

अंगावर काही घालण्यासाठी इंग्रजीत ‘वेअर’ हे एक क्रियापद पुरते. जपानीत मात्र सदरा किंवा किमोनो असेल तर ‘किरु’, विजार, मोजे आणि बूट यांच्यासाठी ‘हाकु’, टोपीसाठी ‘काबुरु’, चष्म्यासाठी ‘काकेरु’ आणि हातमोजे किंवा अंगठीसाठी ‘हामेरु’ अशी वेगवेगळी क्रियापदे लागतात. आपल्याला यात नवल वाटू नये, कारण आपणही साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो आणि गजरा माळतो. फळ्यावर ‘वेअर’ लिहून त्याखाली पाच जपानी अर्थ मांडले, तर मुलांच्या डोक्यावर पाच ओझी पडतात. त्याऐवजी टोपी, चष्मा, मोजे आणि किमोनो यांची चित्रे काढा, मुलांना आपापली क्रियापदे मोठ्याने म्हणू द्या, आणि मग सांगा की इंग्रजीत या सर्वांसाठी एकाच शब्दावर भागते. पसारा इंग्रजीत नसून आपल्याच भाषेत आहे, हे एकदा कळले की भीती बरीच ओसरते.

‘ब्रेक’चे थोडे निराळे आहे. इंग्रजीत कप, काठी, यंत्र, दोरी आणि वचन या सर्वांना ते एकच क्रियापद चालते. जपानीत कप फोडणे म्हणजे ‘वारु’, काठी किंवा हाड मोडणे म्हणजे ‘ओरु’, यंत्र मोडून ठेवणे म्हणजे ‘कोवासु’, आणि दोरी तुटली तर ‘किरेरु’. मराठीतही कप फुटतो, काठी मोडते, यंत्र बिघडते आणि दोरी तुटते. ‘दोरी फुटली’ असे कोणी म्हटले तर कानाला लगेच खटकते. वचनापाशी मात्र दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठी माणूस वचन मोडतो, म्हणजे ते त्याच्या लेखी काठीसारखे असते, तर जपानी माणूस कागद फाडण्यासाठी जे ‘याबुरु’ वापरतो तेच वचनासाठीही वापरतो. तेव्हा मुलांना ‘ब्रेक’चा अर्थ विचारण्याऐवजी ‘काय ब्रेक झाले?’ असे विचारण्याची सवय लावावी. अर्थ क्रियापदाच्या पोटात दडलेला नसतो, तो शेजारच्या नामावरून ठरतो.

‘रन’ शिकवताना तुमच्या हाती एक आयते साधन आहे. मुलांनी त्याचा अर्थ ‘हाशिरु’, म्हणजे धावणे, असा पाठ केलेला असतो आणि तो चुकीचा नाही. पण खुद्द ‘हाशिरु’ केवळ पायांनी धावते का, हे त्यांना विचारून पाहा. जपानीत आगगाडी ‘हाशिरु’ होते, वीज आकाशात ‘हाशिरु’ होते, अंगातून कळ ‘हाशिरु’ होते आणि डोंगररांग उत्तरेकडून दक्षिणेकडे ‘हाशिरु’ होते. आपल्या शब्दाला इतके अर्थ आहेत आणि ते आपण कधीच पाठ केले नाहीत, हे मुलांना स्वतःहून उमगले की इंग्रजी नदी, रस्ता किंवा बस ‘रन’ होते याचे त्यांना ओझे वाटणार नाही. जिथे ‘हाशिरु’ची साथ सुटते, तेवढ्याच जागा वेगळ्या शिकवाव्या लागतील. उदाहरणार्थ, दुकान चालवणे, किंवा पायमोज्याचा धागा सुटून वर रेघ जाणे, ज्याला जपानीत ‘देन्सेन’ असा स्वतंत्र शब्द आहे. (मराठीत हेच काम ‘चालणे’ करते. आपले घड्याळ चालते, दुकान चालते, नाणे चालते, आणि ‘पाच वाजता आलो तर चालेल का?’ हेही चालते. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी चालते, आणि घड्याळाबाबत जपानी नुसते ‘उगोकु’, म्हणजे हलते, एवढेच म्हणते.)

एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रत्येक शब्दाच्या सर्व अर्थांना एका सूत्रात ओवण्याचा हट्ट धरू नये. ‘स्प्रिंग’च्या बाबतीत सूत्र खरोखर आहे. उसळी मारणे हा मूळ अर्थ, त्यातून जमिनीतून उसळणारा झरा, दाबल्यावर उसळणारी गुंडाळी आणि झाडांना पालवी फुटण्याचा ऋतू. जपानीतले ‘इझुमि’, ‘बाने’ आणि ‘हारु’ हे तीन वेगळे शब्द या एका चित्राभोवती सहज गोळा होतात. पण माशांच्या थव्याला ‘स्कूल’ म्हणतात त्याचा विद्येच्या शाळेशी काही संबंध नाही. तो शब्द डच भाषेतून आला, शाळा लॅटिनमधून आली, आणि इंग्रजीत दोघांचे रूप योगायोगाने सारखे झाले. ‘बेअर’ म्हणजे अस्वल आणि ‘बेअर’ म्हणजे सोसणे, हेही असेच दोन परके शब्द आहेत. अशा ठिकाणी ओढून ताणून गोष्ट रचण्यापेक्षा ‘हे दोन वेगळे शब्द आहेत’ असे सरळ सांगावे आणि दोन स्वतंत्र कार्डे करावीत.

उलट दिशेने होणाऱ्या चुकांकडेही लक्ष द्यावे, कारण तिथे दोष इंग्रजीच्या अनेकार्थतेला देता येत नाही. जपानी ‘ओशिएरु’मध्ये शिकवणे आणि माहिती सांगणे हे दोन्ही येते, म्हणून विद्यार्थी इंग्रजीत ‘मला स्टेशनचा रस्ता शिकवा’ असे म्हणतो. ‘कारिरु’मध्ये उसने घेणे, भाड्याने घेणे आणि परवानगीने वापरणे हे सर्व येते, म्हणून पाहुणा यजमानांचे स्वच्छतागृह ‘उसने’ मागतो. ‘आसोबु’ म्हणजे खेळणे, पण मोठी माणसे एकत्र भटकतात, गप्पा मारतात तेही ‘आसोबु’च. म्हणून महाविद्यालयात शिकणारा मुलगा ‘रविवारी मित्रांबरोबर खेळलो’ असे इंग्रजीत लिहितो आणि वाचणाऱ्याला तो सात वर्षांचा वाटतो. या चुकांवर हसू नये. त्या मुलांच्या मातृभाषेचा नकाशाच त्यातून आपल्याला दिसत असतो.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी तिथे ‘तागिगो’, म्हणजे अनेकार्थी शब्द, यांच्या याद्या मिळतात, आणि ‘फाइन’समोर छान, बारीक व दंड असे तिन्ही अर्थ त्यात असतात. त्या याद्या टाकून द्या असे मी म्हणणार नाही. फक्त त्या शेवटी, उजळणीपुरत्या वापराव्यात. तोवर कार्डाच्या पाठीवर एक जपानी शब्द लिहिण्याऐवजी एक छोटे इंग्रजी वाक्य लिहून घ्यावे आणि दुसरा अर्थ वाचनात भेटला की त्याच कार्डावर दुसरे वाक्य जोडावे. त्या मुलीच्या ‘कंपनी’च्या कार्डावर दुसरे वाक्य आता आपोआप तयार आहे.

प्रश्न : मी पुण्यात जपानी शिकतो. ‘ग्लास’साठी जपानीत ‘गुरासु’ आणि ‘गारासु’ असे दोन शब्द आहेत. हा उच्चारातला फरक आहे की अर्थातला? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अर्थातला आहे, आणि पहिल्या प्रश्नाशी त्याचे जवळचे नाते आहे. ‘गारासु’ हा शब्द डच व्यापाऱ्यांकडून आला आणि तो काच या पदार्थासाठी रुळला. ‘गुरासु’ नंतर इंग्रजीतून आला आणि त्याला काचेच्या पेल्याचे काम मिळाले. इंग्रजीने जे अर्थ एकाच शब्दात ठेवले होते, ते जपानीने दोन रूपांत वाटून दिले. असेच ‘स्ट्राइक’चे झाले. कामगारांचा संप तो ‘सुतोराइकि’ आणि बेसबॉलमधला तो ‘सुतोराइकु’. कपड्यांची इस्त्री ‘आइरोन’, तर गोल्फची लोखंडी काठी ‘आइआन’. ‘मशीन’पासून झालेला ‘मिशिन’ केवळ शिवणयंत्रासाठी राखून ठेवला गेला आणि इतर यंत्रांसाठी ‘माशिन’ वेगळा आला. ही वाटणी मला फार देखणी वाटते. मराठीत आपण काच आणि ग्लास असे दोन शब्द ठेवले खरे, पण ‘ग्लास’ इतका भांड्याचा झाला की स्टीलचा ग्लास म्हणतानाही आपल्याला काही वावगे वाटत नाही.

तुम्ही पुढे जपानला जाणार असाल, तर एक धोका लक्षात ठेवा. ज्या इंग्रजी शब्दांचे मराठीत एक आणि जपानीत दुसरेच झाले आहे, ते सर्वांत फसवे असतात. जपानी सहकारी आपले ‘तेन्शोन’ वाढले असे म्हणाला, तर त्याला धीर देऊ नका. तो उत्साहात आहे. तिथला ‘सुतोबु’ स्वयंपाकाचा स्टोव्ह नसून खोली उबदार ठेवणारे यंत्र असते. ‘सुमातो’ म्हणजे हुशार नव्हे, सडपातळ. दुकानदार एखादी वस्तू ‘साबिसु’ म्हणून देतो, तेव्हा ती फुकट असते. आणि ‘मान्शोन’मध्ये राहणारा माणूस श्रीमंत असतोच असे नाही, कारण तो शब्द तिथे साध्या पक्क्या इमारतीतील सदनिकेसाठी वापरतात. मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर ‘मॅन्शन’च्या पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे पटकन कळेल.

प्रश्न : वाढत्या वयात इंग्रजी पक्के करावे म्हणतो. शब्दाचे अधिकाधिक अर्थ देणारा कोश घ्यावा का? – एक निवृत्त वाचक, सातारा

उत्तर : अधिक अर्थ देणारा नको, शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखवणारा घ्यावा. इथेही जपानचा संबंध येतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. 1922 साली हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषाशिक्षक जपानला गेले आणि पुढच्या वर्षी टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था सुरू झाली. 1924 मध्ये ए. एस. हॉर्नबी हे क्यूशू बेटावरील ओइता येथे शिकवायला आले आणि पुढे पामर यांच्या कामात सामील झाले. कोणता शब्द कोणत्या शब्दासोबत येतो, कोणत्या क्रियापदामागे कशी रचना लागते, कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, या गोष्टी इंग्रजांच्या कोशात मिळत नव्हत्या, कारण इंग्रजांना त्यांची गरजच नव्हती. ती गरज जपानी विद्यार्थ्यांमुळे उघड झाली. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश 1942 साली, युद्ध सुरू असताना, टोकियोतच छापला गेला आणि 1948 मध्ये तो ऑक्सफर्डने नव्याने काढला. महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या टेबलावर वर्षानुवर्षे दिसणारा ऑक्सफर्डचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश तो हाच.

त्याच्या जोडीला मायकेल वेस्ट यांची 1953 ची शब्दसूची कुठे मिळाली तर जरूर पाहावी. वेस्ट यांनी ढाक्यात अनेक वर्षे शिक्षणक्षेत्रात काम केले होते. सूचीत सुमारे 2000 शब्द असून, एखाद्या शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा वापरात येतो हेही तिथे दिलेले आहे. सात-आठ अर्थांपैकी पहिल्या दोनांवरच बहुतेक काम भागते, असे पानोपानी दिसते. आपण आधी तेवढेच घ्यावेत.