कुत्र्यासाठी आरोग्य विमा निवडताना

कुत्र्याच्या विम्यासाठी आपण पाहत असलेल्या योजनांची तुलना केवळ हप्त्यावरून करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. प्रथम अपवादांचे कलम वाचावे. विमा घेण्यापूर्वी दिसलेल्या आजाराचा खर्च बहुतेक योजना देत नाहीत, आणि काही योजनांत तर एका मागच्या पायाच्या गुडघ्याचा अस्थिबंध आधी दुखावला असेल, तर दुसऱ्या पायाची तीच दुखापतही जुनी धरली जाते. म्हणून पिल्लू निरोगी असतानाच विमा घेणे हिताचे. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असल्यास खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष समाविष्ट आहे का आणि त्याचा प्रतीक्षाकाळ (विमा घेतल्यापासून भरपाई लागू होईपर्यंतचा काळ) किती, हे लेखी विचारून घ्यावे. वजावटीचा, म्हणजे बिलातील आपण स्वतः सोसायच्या ठरावीक रकमेचा, क्रमही पाहावा: बिल १,०००, वजावट २०० आणि परतावा ८० टक्के असेल, तर वजावट आधी केल्यास ६४० मिळतात, नंतर केल्यास ६००. मात्र सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भरपाईची मर्यादा दरवर्षी नव्याने मिळते की प्रत्येक आजाराला एकदाच, हे तपासणे. कारण मधुमेहासारख्या आयुष्यभराच्या दुखण्यात आजारनिहाय मर्यादा संपली की पुढील सर्व उपचार आपल्याच खिशातून करावे लागतात. वयानुसार हप्ता कसा वाढेल, तेही आताच विचारावे.