वाचकांचे प्रश्न : टाकीतल्या पाण्याचा सामू

१०० लिटरच्या टाकीत चार एंजल मासे आहेत. पाणी बोअरचं, सामू म्हणजे पीएच ८.२. दुकानातून तो उतरवायचं औषध आणलं. थेंब टाकले की ७ होतो आणि तिसऱ्या दिवशी परत ८ च्या वर जातो. मात्रा वाढवावी का? – एक वाचक, लातूर

मात्रा वाढवू नका, ते औषधच बंद करा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. औषधातलं आम्ल त्याच्याशी संयोग पावतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू पाण्यात असेपर्यंत सामू खाली दिसतो. एअर पंपाच्या बुडबुड्यांनी तो निघून गेला की सामू पुन्हा वर चढतो. या चढउताराचा त्रास माशांना स्थिर ८.२ पेक्षा कितीतरी जास्त होतो. औषध फॉस्फेटचं असेल तर जड पाण्यात पांढरट गढूळपणा येतो आणि काचेवर शेवाळही फोफावतं. लिंबू किंवा व्हिनेगर टाकलं तरी सामू असाच उतरून परत चढतो. तुरटी तर टाकूच नका.

आधी केएच मोजा. पाण्यातल्या बायकार्बोनेटचं हे माप आहे. थेंबांचा संच मिळतो. ५ मिलि पाण्यात एकेक थेंब टाकत हलवायचं आणि रंग पालटेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. बहुतेक संचांत एक थेंब म्हणजे एक अंश. टीडीएस मीटरवरून हे कळत नाही, तो फक्त एकूण क्षार सांगतो.

समजा केएच १६ आला. तो उतरवायचा खात्रीचा मार्ग एकच आहे, आरओचं पाणी मिसळणं. दर आठवड्याला २० लिटर पाणी काढून तेवढंच आरओचं घाला. केएच १६ वरून १२.८, मग १०.२, तिसऱ्या आठवड्यात ८ च्या आसपास येईल. तिथून पुढे बदलाचं पाणी निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं ठेवा. उन्हाळ्यात आटलेलं पाणी भरून काढताना मात्र फक्त आरओचं वापरा, कारण पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. केएच निम्मा झाला तरी सामू जेमतेम ०.३ ने उतरतो, कारण सामूची पट्टी दहाच्या पटींत चालते. ८.२ चा ७.९ होईल. केएच ४ पर्यंत नेला तर ७.६ च्या जवळ. त्याखाली जाऊ नका, पाण्याची सामू धरून ठेवायची ताकद तिथून कमी होत जाते. पैदाशीतून आलेले एंजल ७.५ ते ८ मध्ये व्यवस्थित वाढतात. पिल्लं काढायची नसतील तर आहे त्या पाण्यात राहू दिले तरी चालेल, फक्त पाणी स्थिर ठेवा. या पाण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी किंवा मलावी सरोवराचे सिक्लिड तर काहीच न करता मजेत राहतील. निऑन आणि डिस्कस यांच्या वाटेला जाऊ नका.

दोन वर्षांची टाकी, मुंबईत महापालिकेचं पाणी. फक्त आटेल तेवढं पाणी भरत होतो, मासे ठीक होते. पाणी जुनं झालं म्हणून क्लोरीन घालवून निम्मं बदललं तर संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन धापा टाकू लागले, तीन मेले. नवं पाणी खराब होतं का? – एक वाचक, मुंबई

क्लोरीन नीट गेला असेल तर नवं पाणी निर्दोष आहे. बिघाड जुन्या पाण्यात झाला होता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यात आम्ल तयार होतं. हे आम्ल बायकार्बोनेट खातं. तलावाचं पाणी मुळात मृदू, बायकार्बोनेट थोडंच. पाणी बदललं नाही की केएच शून्याला टेकतो आणि सामू ६ च्या आसपास घसरतो. तिथे जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं, म्हणून अमोनिया साठत जातो. तरी मासे जगतात, कारण आम्ल पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते फारसं विषारी नाही. तुम्ही निम्मं ताजं पाणी घातलंत, सामू झपाट्याने वर गेला आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया झाला. २५ अंश तापमानाला सामू ६ वरून ८ वर गेला, तर विषारी भाग सुमारे शंभरपट होतो. तुमचा सामू ७.२ पर्यंतच गेला असेल, तरी तो पंधरापट झालाच.

आता उरलेले मासे वाचवायचे आहेत. दोन दिवस खाद्य बंद ठेवा, हवा जोरात सोडा. दुकानात अमोनियाला निर्विष करणारं द्रावण मिळतं, ते बाटलीवरच्या मात्रेने घाला. मग रोज १० टक्केच पाणी बदला, आठ-दहा दिवस. अमोनियाची चाचणी शून्य येईपर्यंत खाण्याचा सोडा घालू नका, सामू वाढला की धोका वाढेल.

अमोनिया शून्य झाल्यावर केएच ४ वर आणा. १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याच्या सोड्याने केएच एक अंश वाढतो. पोहे खायच्या चमच्याने अंदाज घेऊ नका, वजनकाटा वापरा. टाकीतल्याच मगभर पाण्यात सोडा विरघळवून फिल्टरच्या धारेपाशी हळूहळू ओता आणि दिवसात एका अंशाहून जास्त वाढवू नका. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर नकोच, त्याने सामू एकदम उसळतो. नंतर जाळीच्या पिशवीत मूठभर धुतलेला शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्ल होऊ लागलं की तो आपोआप विरघळतो. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलायचं आणि त्याच वेळी नळीने खडीतला गाळही ओढून घ्यायचा. शिंपले ठेवले म्हणून हे टाळता येणार नाही.

रंगीत खडी टाकल्यावर सामू वाढू लागला. खडीचा संबंध असेल का? – एक वाचक, चिपळूण

बहुधा ती संगमरवराची असेल. कोरड्या खड्यावर संडास धुण्याच्या आम्लाचा एक थेंब टाका, हातमोजे घालून. फेस आला तर ती खडी चुनखडीच्या जातीची. मृदू पाण्यात ती विरघळत राहते, म्हणून काढून टाका आणि काळा बेसॉल्ट किंवा नदीची धुतलेली रेती घाला. आम्ल लावलेला खडा टाकीत परत टाकू नका.

सामू सकाळी ७.०, संध्याकाळी ७.६. मीटर बिघडलाय का? टाकीत झाडं दाट आहेत. – एक वाचक, पुणे

मीटर बरोबर असण्याची शक्यता जास्त. दिवसा झाडं कार्बन डायऑक्साइड ओढतात, सामू चढतो. रात्री झाडं आणि मासे दोघंही तो सोडतात, सामू उतरतो. एवढा फरक चालतो. रोज एकाच वेळी मोजा. मासे पहाटे वर येत असतील तर दिवे बंद झाल्यापासून एअर पंप चालू ठेवा. तरी मीटर महिन्यातून एकदा ६.८६ आणि ४.०१ सामूच्या द्रावणांत तपासून घ्या, आणि त्याचं टोक आरओच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, त्याने ते लवकर निकामी होतं.