मिस्त्रीने कंडेन्सर बोर्डात लावून काढला. त्यातून ठिणगी कशी उडाली?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या बर्डीत कूलरच्या मिस्त्रीने ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर क्षणभर बोर्डात खुपसला, काढला, दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या, चट् आवाज झाला आणि तो म्हणाला, "चांगला आहे." आत बॅटरी नाही, मग वीज आली कुठून?

आली बोर्डातूनच, पण ती आत "भरली" नाही, नुसती इकडची तिकडे झाली. आत असते धातूचा थर दिलेल्या प्लॅस्टिक फिल्मची गुंडाळी: धातूचे दोन थर आणि मधे वीज न जाऊ देणारं प्लॅस्टिक. व्होल्टेज लावलं की एका थरावरचे इलेक्ट्रॉन निघतात आणि तेवढेच दुसऱ्या थरावर येतात. बेरीज शून्यच राहते. पण विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढत राहतात, मधे विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ऊर्जा त्या क्षेत्रात असते, ताणून धरलेल्या रबरात असते तशी. वायरी बोर्डातून काढल्या की परतीचा रस्ता तुटतो आणि ताण तसाच अडकून पडतो. वायरी टेकवल्या की रस्ता मिळाला.

किती ऊर्जा? घरचे २३० व्होल्ट शिखरावर ३२५ च्या आसपास जातात. ऊर्जा म्हणजे धारिता (दर व्होल्टला किती प्रभार सरकतो ते, मायक्रोफॅरडमध्ये) गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याच्या निम्मी. निम्मी अशासाठी की पहिले इलेक्ट्रॉन जवळजवळ फुकटात सरकतात, शेवटच्यांना पूर्ण ३२५ व्होल्टच्या विरोधात ढकलावं लागतं. हिशेब येतो ०.२१ ज्यूल. एवढ्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब सेकंदाचा चाळिसावा भागही जळणार नाही! पण हीच ऊर्जा दहा मायक्रोसेकंदांत बाहेर पडली तर सरासरी २१ किलोवॅट होतात. बॅटरीत साठा कितीतरी मोठा, पण ती रासायनिक क्रियेच्या गतीनेच देते. कंडेन्सरला मधे अडवणारं फारसं काही नसतं.

आता मिस्त्रीच्या "चांगला आहे" बद्दल. माझ्या मते ही तपासणी बिनकामाची आहे. घरच्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) सप्लायचं व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातं. वायर नेमकी तेव्हा सुटली तर नवाकोरा कंडेन्सरही ठिणगी देणार नाही, आणि शिखरावर सुटली तर ४ चा २.५ झालेला मरतुकडाही चट् करेल. आत शॉर्ट असेल तर एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडेल ते वेगळंच. मायक्रोफॅरड मोजणारा मीटर लावा, दहा सेकंदांचं काम.

आणि आपल्याकडे ही धारिता घटतेच. फिल्मला कुठे बारीक भोक पडलं की भोवतीचा धातू जळून उडून जातो आणि शॉर्ट टळतो, पण दर वेळी थोडं क्षेत्रफळ कमी होतं. एप्रिल-मेच्या उन्हात, खिडकीबाहेर तापलेल्या पत्र्याच्या डब्यात, हे लवकर होतं. कंडेन्सरमुळे मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगमधला (तारेच्या वेटोळ्यातला) करंट पुढे सरकतो आणि फिरतं चुंबकीय क्षेत्र मिळतं. तो कमकुवत झाला की मोटर नुसती गुणगुणते, पातं हाताने ढकललं तर फिरते. (ढकलू नका, बोटं जातात.)

मोटरला जोडलेला कंडेन्सर बंद केल्यावर सहसा दोन्ही वाइंडिंगमधूनच रिकामा होतो. धोका सुटा काढलेल्याचा, किंवा वाइंडिंग तुटलेली असेल तेव्हाचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्यापेक्षा १० किलोओहमचा रेझिस्टर दोन टोकांना लावा. ४ मायक्रोफॅरडला ०.२ सेकंद पुरतात, एअर कंडिशनरच्या ४० मायक्रोफॅरडवाल्याला २ सेकंद. मग मीटरवर व्होल्टेज बघूनच हात लावा. मायक्रोवेव्हचा कंडेन्सर मात्र दोन हजार व्होल्टच्या आसपास चालतो. तो घरी उघडूच नका.